जुन्या जागी ठेवलेली चिठ्ठी
(मेटगळ्ळी येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा विषयही कार्यकारिणीच सुचवील अशी आमची समजूत होती. परंतु ‘तुमच्या नोकरीतले काहीतरी सांगा’ एवढेच उत्तर मिळाले. केंद्र सरकारच्या कचेरीत फायली उघडण्यात आणि मिटण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्या कलाशाखेच्या एका साध्या पदवीधरापाशी सांगण्यासारखे ते काय असणार? तथापि एक धडा आम्ही या नोकरीत शिकलो, आणि तोही चूक करून शिकलो. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील फायलींची नव्याने वर्गवारी झाली. जुने क्रमांक गेले, नवे आले. कपाटे नीटनेटकी झाली, प्रत्येक फायलीवर स्वच्छ चिठ्ठी लागली, आणि वरिष्ठांनी आमची पाठही थोपटली. जुन्या क्रमांकांची नोंदवही आता निरुपयोगी झाली, असे मानून ती रद्दीत काढण्याच्या टिपणावर आम्हीच सही केली. पुढे एके दिवशी एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नी कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या चौकशीसाठी आल्या. त्यांच्या हातात आमच्याच कचेरीचे एक पत्र होते आणि त्यावर जुना क्रमांक होता. त्या क्रमांकाची फाईल कोठेच नव्हती. ‘अशी फाईल येथे नाही’ असे आम्ही त्यांना एकदा नव्हे, दोनदा सांगितले. तिसऱ्या खेपेस एका वृद्ध दफ्तरीने पत्र हाती घेतले, क्षणभर डोळे मिटले, आणि थेट जाऊन बस्त्यातून फाईल काढून आणली. त्याच्या डोक्यात जुनी नोंदवही शाबूत होती. त्या बाईंचे आठ महिने मात्र वाया गेले होते. फाईल हरवली नव्हती; तिच्याकडे जाणारी वाट आम्ही मोडली होती.

गेल्या दिवाळीच्या फराळाला ही हकिकत आम्ही मंडळाच्या एका तरुण सभासदास सांगितली. तो शेजारच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत संगणकाचे काम करतो. तो हसून म्हणाला, “काका, हा आजार आमच्याकडेही आहे, पण आम्ही त्यावर पहारेकरी नेमला आहे.” त्याने जे समजावून दिले ते आम्हांस जसे उमगले तसे सांगतो.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा जो गाभा प्रसिद्ध केला, तो आज जगभरातील हजारो माणसे मिळून सांभाळतात. या गाभ्यासोबत माहितीच्या फायलींचे एक मोठे दप्तर असते. कार्यक्रम लिहिणारा आपल्या लिखाणात जागोजागी शेरा मारतो : ‘अधिक खुलाशासाठी दप्तरातील अमुक फाईल पाहावी.’ २०१६ पासून हे दप्तर नव्या पद्धतीने मांडण्याचे काम सुरू झाले. साध्या मजकुराच्या फायलींना नवे रूप मिळाले, त्यांच्या नावांची शेपटे बदलली, आणि पुष्कळशा फायली नव्या कप्प्यांत गेल्या. दप्तर सुधारले, परंतु ‘अमुक फाईल पाहावी’ हे शेरे जुन्याच जागेकडे बोट दाखवीत राहिले. आमच्या शाखेत झाले तेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर!

त्यावर तेथे दोन उपाय झाले. पहिला उपाय चिठ्ठीचा. गाभ्यात दुरुस्ती कशी पाठवावी, हे सांगणारी एक प्रसिद्ध फाईल नव्या कप्प्यात गेली, तेव्हा जुन्या जागी एक इवलीशी फाईल ठेवण्यात आली. तिच्यात मजकूर एवढाच, की ही फाईल आता अमुक ठिकाणी गेली आहे. जुन्या पत्त्यावर येणारा माणूस त्यामुळे रिकाम्या हाताने परतत नाही.

दुसरा उपाय पहारेकऱ्याचा. मौरो कार्व्हाल्यो शेहाब या ब्राझीलच्या संगणकतज्ज्ञाने एक छोटा तपासनीस कार्यक्रम लिहिला. हा तपासनीस गाभ्याचे सगळे लिखाण चाळतो, दप्तरातील फायलींचे जेवढे उल्लेख असतील तेवढे वेचतो, आणि प्रत्येक उल्लेखामागे खरोखर फाईल आहे की नाही ते पाहतो. नसेल तर त्याच नावाची फाईल दुसऱ्या कप्प्यात गेली आहे का, की केवळ शेपूट बदलले आहे, याचा शोध घेतो. आणि सांगितल्यास दुरुस्तीही करतो. मात्र जुळणाऱ्या फायली एकाहून अधिक सापडल्या तर तो स्वतः निवड करीत नाही. ‘येथे संशय आहे, माणसाने पाहावे’ असे सांगून थांबतो. आमच्या कचेरीत असा विवेकी कारकून मिळता तर आम्ही त्यास बढती दिली असती!

तथापि त्या तरुणाने एक मर्यादाही सांगितली, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. फाईल जागेवर नसेल तर तपासनिसास कळते. परंतु फाईल जागेवर आहे आणि तिच्यातील मजकूर मात्र निराळा झाला आहे, हे त्यास कळत नाही. दार आहे की नाही एवढेच तो पाहतो. आत कोण राहते हे त्यास ठाऊक नसते. म्हणजे संदर्भ दोन प्रकारांनी बिघडतो. एक मुका संदर्भ, जो कोठेच नेत नाही. दुसरा खोटा संदर्भ, जो भलत्याच ठिकाणी नेतो. मुक्या संदर्भाने माणूस निदान सावध होतो. खोट्या संदर्भाने तो निःशंकपणे फसतो.

या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण पाहण्यास फार दूर जावयास नको. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना तेथे नेतोच. मूर्ती चावुंडरायाने करविली, असे तेथे कन्नड, तमिळ व मराठी या तीन भाषांत कोरले आहे. भोवतालचा परिसर गंगराजाने बांधविला, असेही पुढे मराठीत आहे. शाळेच्या पुस्तकात आम्ही हा पहिला मराठी शिलालेख म्हणून शिकलो. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ सालच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथामुळे अलिबागजवळील आक्षीच्या शके ९३४ मधील लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. गंगराजाचा काळ बाराव्या शतकाचा असल्याने बेळगोळच्या ओळींचा काळही पुढे येतो, असे अनेक विद्वान मानतात. तो वाद विद्वानांचा. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते क्रमांकाविषयी.

म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ ही शिलालेखांची ग्रंथमाला सिद्ध केली. तिचा श्रवणबेळगोळचा खंड १८८९ साली निघाला; त्यात १४४ लेख होते. आर. नरसिंहाचार यांनी १९२३ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली. तीत लेख झाले ५००. म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड अध्ययन संस्थेने १९७३ साली तिसरी आवृत्ती काढली. तीत ते ५७३ झाले. ज्ञान वाढले, ही आनंदाची गोष्ट. परंतु लेख वाढले म्हणजे क्रमांक बदलले. आता कल्पना करा, की एखाद्या जुन्या मराठी पुस्तकात ‘श्रवणबेळगोळ, लेख क्रमांक अमुक’ एवढेच छापले आहे आणि वाचकाच्या हाती नवी आवृत्ती आहे. तो क्रमांक त्यास सापडेल, लेखही सापडेल. पण तो दुसराच कोणता तरी असेल! हाच तो खोटा संदर्भ.

इतर खंडांत आणखी एक अडचण आली. राइस यांनी लेखांचे क्रमांक तालुकावार दिले होते. १८९४ साली श्रीरंगपट्टण आणि मंड्या हे तालुके म्हैसूर जिल्ह्यात होते. १९३९ साली मंड्या हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १९९७ साली चामराजनगरही वेगळे झाले. शिळा जागच्या हलल्या नाहीत. जिल्हेच त्यांच्याखालून सरकले. विद्यापीठाच्या संपादकांनी नव्या आवृत्तीत नव्या क्रमांकासोबत जुन्या खंडातील क्रमांकही देण्याची दक्षता घेतली, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाने दाखविलेली वाट आजच्या विद्यार्थ्यासही चालता येते. आम्ही ज्या नोंदवहीला रद्दी समजलो, तिला त्यांनी ग्रंथात स्थान दिले. दोघांतील फरक एवढाच.

बंधुभगिनींनो, आता हा विषय आपल्या घरी आणतो. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात घराण्याचा कुलवृत्तांत असेल. त्यात मूळ गावाचा पत्ता असतो : मुक्काम अमुक, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. परंतु मालवण १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी औरंगाबादेतून जालना निघाला. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली. २०१४ साली ठाण्यातून पालघर. उस्मानाबाद आता धाराशिव आहे आणि औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर. आपले म्हैसूरही २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरु झाले. येथल्या कृष्णराजसागर रस्त्यावरील विक्रांत टायर्सचा कारखाना १९९७ साली दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला, तरी घराची खूण सांगताना आम्ही ‘विक्रांतच्या अलीकडे’ असेच म्हणतो. आम्हांस ते कळते, कारण जुने आणि नवे दोन्ही आम्ही पाहिले आहे. आपल्या नातवंडांनी त्यांतले एकही पाहिलेले नाही.

येथे एका मराठी माणसाचे स्मरण करणे उचित होईल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा आकडी पिन कोड सुरू केला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे होते. ते केंद्र सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, चुकीचे हिज्जे, नाना भाषा आणि लिप्या यांतून पत्र योग्य ठिकाणी जावे, ही त्यामागील दृष्टी. म्हैसूरचे मैसूरु झाले तरी आपल्या पत्त्यातील ‘५७०’ हे पहिले तीन आकडे बदलले नाहीत. नावे बदलतच राहणार; त्यांच्या जोडीला न बदलणारी एखादी खूण असावी, हे शहाणपण त्या योजनेत आहे.

आता मंडळाकडे वळतो. पन्नास वर्षांत मंडळाचे दप्तर किती घरांतून फिरले असेल! एका चिटणीसांच्या माळ्यावरून दुसऱ्यांच्या पलंगाखाली, तेथून तिसऱ्यांच्या बदलीबरोबर आणखी कोठे. जुन्या इतिवृत्तात आम्ही नुकतेच वाचले : ‘ग्रंथालयाची यादी खजिनदारांकडे आहे.’ कोणते खजिनदार? त्या पदावर तेव्हापासून किती जण आले आणि गेले! यादी बहुधा आजही कोणाच्या तरी ट्रंकेत सुखरूप असेल. त्या बाईंची फाईलही सुखरूपच होती.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. दप्तरातील कोणतीही वस्तू हलविली, तर हलविणाऱ्याने जुन्या जागी तारखेसह चिठ्ठी ठेवावी. सभासदांच्या यादीत नवा पत्ता लिहिताना जुना खोडू नये. त्यावर एक रेघ मारून तो वाचता येईल असा राहू द्यावा, आणि मूळ गावाचा जुना व नवा जिल्हा पिन कोडसह नोंदवावा. आणि वर्षातून एकदा, संक्रांतीच्या तिळगुळाला म्हणा, दोघा तरुणांनी बसून यादीतील प्रत्येक नोंद पडताळावी; केवळ नोंद आहे की नाही एवढेच नव्हे, तर ती खरी आहे की नाही हे दूरध्वनी करून विचारावे. कारण हे शेवटचे काम यंत्र करीत नाही. ते माणसानेच करावयाचे असते.

सभागृहाच्या दाराशी एक कोरी वही आम्ही आजच ठेवली आहे. जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीत आपल्या मूळ गावाचे नाव लिहावे, आणि ते गाव ज्या नावाने घरची वडीलधारी माणसे ओळखीत तेही लिहावे. उद्या आपल्यापैकी एखाद्याचे नातवंड दूरदेशाहून हा स्मरणग्रंथ हाती घेऊन ते गाव शोधीत निघेल, तेव्हा ‘असे गाव येथे नाही’ असे उत्तर त्यास मिळू नये. तसे उत्तर आम्ही एकदा दिले आहे. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.