आवाज बंद ठेवून पाहा

अनसिंगहून बोलतोय. मध्येच हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, घर वाशिम-पुसद रोडला लागूनच आहे.

माझ्या आजीला ऐकू कमी येतं. घरात सगळे सिरीयल पाहतात, ती भिंतीकडं पाहत बसते. मागच्या महिन्यात मी मोबाईलवर बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' पाहत होतो. १९२४ चा मूकपट, पाऊण तासाचा, यूट्यूबवर फुकट आहे. आजी शेजारी येऊन बसली.

गोष्ट सोपी. थिएटरात मशीन चालवणारा पोरगा एका पोरीच्या प्रेमात आहे. दुसरा एक जण पोरीच्या बापाचं घड्याळ चोरून गहाण ठेवतो आणि पावती या पोराच्या खिशात सरकवतो. मी काही सांगायच्या आत आजी म्हणाली, "पाय, त्यानंच टाकली चिठ्ठी!" इंग्रजी पाट्या तिला वाचता येत नाहीत. पण गहाण आणि पावती हा काय प्रकार असतो, ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चोरीचा आळ येतो, पोरगा मशीन चालवता चालवता झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरून मोठा डिटेक्टिव्ह होतो. मोटारसायकलवरचा सीन तर पाहाच. ही कामं कीटन स्वतः करायचा. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखालच्या सीनमध्ये त्याची मान मोडली, आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर!

गंमत म्हणजे चोर तो पकडतच नाही. पोरगी स्वतः दुकानात जाते, घड्याळ कोणी ठेवलं विचारते, विषय संपला. "पोट्टी हुशार हाय," आजी म्हणाली.

मग तिनं विचारलं, आपल्याकडं असं काही नव्हतं का? होतं ना. 'दिलेर जिगर', १९३१. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक जी. पी. पवार. हा विनोदी कमी, तलवारीचा जास्त. दुष्ट भाऊ राज्य बळकावतो, खरा वारस डोंबाऱ्यासारखे खेळ करत मोठा होतो, प्रेमात पडतो. आणि मुखवटा घालून तलवार चालवते ती हिरॉईन. कोण? ललिता पवार. तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या.

"मंथरा?" आजीचा विश्वासच बसेना. टीव्हीवरच्या रामायणातली मंथरा, सगळ्या सिनेमांतली खाष्ट सासू, आणि तलवार?

हो, तीच. त्याच वर्षी 'आलम आरा' आला, बोलपट सुरू झाले आणि मूकपटांना कोणी विचारेना. चांदी काढायला लोकांनी रिळं विकली. आपले बहुतेक मूकपट असेच गेले. हा वाचला, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. खरं सांगू, मला ललिताबाईंचं ते रूप आधी माहीत असतं तर लहानपणी त्यांना एवढ्या शिव्या दिल्या नसत्या.

"लाव मंग थो," आजी म्हणाली.

मोबाईल सहा टक्क्यांवर होता. चार्जर शोधायला तीच उठली.