एजन्सीमार्फत पहिली नोकरी

पदवी हाती पडली की अनेकांची पहिली नोकरी एजन्सीमार्फत सुरू होते. बसायचं बँकेत किंवा गोदामात, पण नेमणूकपत्र आणि पगार मात्र एजन्सीचा. यात कमीपणा काहीच नाही. पण मुलं हे नेमणूकपत्र न वाचताच सही करतात, याचं मला फार वाईट वाटतं. मालक कोण, मुदत किती, नोटीस किती दिवसांची, हे त्यातच लिहिलेलं असतं.

पगाराची पावती दर महिन्याला मागून घ्या. भविष्य निर्वाह निधीसाठी साधारणपणे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम तुमच्या पगारातून जाते, आणि तेवढाच वाटा मालकानं घालायचा असतो. कापलेले पैसे खरोखर जमा झाले का, हे उमंग अ‍ॅपवरच्या पासबुकात दिसतं. या निधीच्या खात्यासाठी मिळालेला तुमचा १२ अंकी यूएएन क्रमांक जपून ठेवा. एजन्सी बदलली तरी तो तोच राहतो, नवा काढू नका. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात.

आणखी एक. एजन्सीनं पगार थकवला, तर कंत्राटी कामगारांच्या कायद्यानुसार तो देण्याची जबाबदारी जिथं तुम्ही प्रत्यक्ष काम करता त्या मुख्य मालकावर येते. तेव्हा गप्प बसू नका, हजेरीची नोंद घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जा. आणि नोकरी लावण्यासाठी कुणी अनामत मागितली, तर एक रुपयाही देऊ नका.