दाराची कडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या अंथरते आणि आत उपम्याकडे बघते. यंदा चिटणीसबाईंनी धरूनच ठेवले, की तुम्हीही दोन शब्द बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या बाई आपल्याकडे येऊन गेल्या आहेत, त्यांची बरोबरी मी काय करणार? तेव्हा ठरवले, जे आपण बायका एकमेकींच्या कानाशी लागून बोलतो, तेच एकदा मोठ्याने बोलावे. बाहेरगावी गेल्यावर आपण ज्या खोलीत उतरतो, तिथल्या न्हाणीघराच्या दाराला कडी असते का, एवढाच माझा विषय. हसा, हसून घ्या. घरी सांगितले तेव्हा आमचे 'हे'सुद्धा हसले. सूनबाई मात्र हसली नाही.

मुलाचे लग्न माघात झाले. मे महिन्यात सर्वांनी मिळून मार्कंडा देवाचे दर्शन घ्यावे आणि येताना ताडोबाही पाहून यावा असे निघाले. आम्ही सहा माणसे. हे, मी, सासूबाई, मुलगा, नवी सून आणि आमची धाकटी मुलगी. मूल सोडले, सावली-व्याहाड मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला, की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत तोही आपल्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे सासूबाई अजून त्याला वेगळे मानत नाहीत. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते, म्हणून तिथल्या स्नानाचे पुण्य मोठे मानतात. उन्हाळ्याचे पाणी पार पलीकडे गेले होते, तरी काही बाया अंघोळ करीत होत्या. दोघी लुगडे ताणून धरीत, तिसरी त्याच्या मागे कपडे बदली. तिचे झाले की ती धरायला उभी राही. आपल्या महाकालीच्या यात्रेतही चैत्रात हेच दिसते. मराठवाड्याकडून हजारो बाया येतात, झरपट नदीवर उघड्यावर अंघोळी होतात, पण कोणीतरी लुगडे धरून उभी असतेच. तेव्हा ते पाहून मला वेगळे काही वाटले नाही. वाटले ते त्या रात्री.

रात्री मोहर्लीच्या वाटेवर एका हॉटेलात उतरलो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने. पण अशी थाटाची हॉटेले तिकडे आली ती अलीकडे. दोन खोल्यांचे भाडे परवडेना, म्हणून एकच मोठी खोली घेतली. दोन पलंग, खाली गाद्या. थंड हवेचे यंत्र, भिंतीवर वाघाचे मोठे चित्र. सर्व छान. फक्त न्हाणीघर काचेचे! दुधी काच, सरकते दार, आणि त्याला आतून कडी, खिटी, बोल्ट काही म्हणजे काही नाही. दार ओढले तरी शेवटी दोन बोटांची फट राही. आत दिवा लावला, की माणसाची पुरी सावली बाहेर दिसे. संडासही त्यातच.

मी खाली जाऊन विचारले. तिथला मुलगा नम्र होता, त्याला मी दोष देत नाही. तो म्हणाला, "काकू, फॅमिली रूम आहे ना ती. सगळी घरचीच माणसं. कडी कशाला लागते?"

बायांनो, या एका वाक्यावर मी गेले वर्षभर विचार करते आहे. परका माणूस चुकून आला तर त्याला आपण ओरडू, तो निघून जाईल, जन्मात पुन्हा दिसणार नाही. पण सासरा, दीर, वाढत्या वयाचा मुलगा, यांच्या समोर सकाळी बसून चहा घ्यायचा असतो. संकोच परक्यांपुढे कमी आणि घरच्यांपुढे जास्त, हे त्या मुलाला कोण सांगणार? ज्याने ती खोली बांधली त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नुकतेच लग्न झालेले जोडपे असावे. तीच खोली सहा माणसांना देताना गाद्या वाढवल्या, दार तसेच राहिले.

मी काय केले? पलंगावरची चादर काचेवर टाकली, ती घसरली. पुरुषांना वऱ्हांड्यात पाठवले. मी स्वतः दाराला पाठ लावून बसले. सासूबाई, मुलगी, सर्व उरकून आल्या. सूनबाई म्हणाली, "मला नाही लागली, आई." पहाटे साडेचारला पुन्हा तीच गडबड. सफारीची गाडी अंधारातच निघते, सहा माणसे आणि एक दार. ती पुन्हा म्हणाली, नाही लागली. मग गाडीत चार तास. जंगलात गाडीतून खाली उतरायची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मे महिन्याचे चंद्रपूरचे ऊन तुम्हाला मी काय सांगावे! सगळ्यांनी बाटल्या रिकाम्या केल्या, तिने घोट घेतला नाही. आम्ही वाघ पाहिला. ती काय पाहत होती देव जाणे.

घरी आल्यावर तिला उन्हाळी लागली. आधी मी धने-जिऱ्याचे पाणी दिले, सब्जा दिला. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि मला चांगले फैलावर घेतले. लघवी धरून ठेवणे आणि पाणी न पिणे, या दोन्हींनी जंतू वाढतात, बाईच्या शरीराची रचनाच अशी की ते लवकर वर चढतात, आणि मूत्रपिंडापर्यंत गेले तर दुखणे साधे राहत नाही. औषधाचा पुरा कोर्स झाला, बरी झाली. मी तिला म्हटले, "अगं, मला तरी सांगायचं!" ती एवढेच म्हणाली, "तिथं कडी नव्हती ना."

मला रागवायलाही तोंड नव्हते. मी या घरात आले तेव्हा मागच्या अंगणात न्हाणी होती, तिला तरटाचा पडदा. पडद्याला का कडी असते? मी बाहेर लोटा ठेवायची, म्हणजे आत कोणी आहे हे कळावे. कोणाची पावले वाजली की बांगड्या वाजवायची, खाकरायची. अंघोळ अशी कधी नीट झालीच नाही, निम्मे लक्ष कानात. पुढे पक्की न्हाणी झाली तेव्हा यांनी विचारले, फरशी कोणती घालायची? मी म्हटले, फरशी कसलीही घाला, दाराला आतून कडी लावा. हे सर्व मी विसरून गेले होते, बघा. सासू झाले की असे विसरायला होते.

एटापल्ली-भामरागडकडे आरोग्याचे काम करणाऱ्या एक ताई आपल्या हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यांनी तिकडच्या कुर्माघराची माहिती दिली होती. माडिया बायांनी पाळीच्या दिवसांत वेगळ्या झोपडीत राहायचे, ही तिथली रीत. पुष्कळ ठिकाणी त्या झोपडीला धड दार नाही, न्हाणी नाही, साप-विंचवाचे भय. अलीकडे काही गावांत संस्थांनी पक्की घरे बांधून दिली, न्हाणी-संडासासकट. रीत असावी की नसावी यावर त्या दिवशी आपल्यात वाद झाला, तो मी पुन्हा उकरत नाही. माझ्या मनात वेगळेच आले. बाईला एका बाजूला ठेवणे निराळे आणि बाईला आडोसा देणे निराळे. आडोशाचे दार तिने स्वतः लावायचे असते आणि स्वतः उघडायचे असते.

आता याच्या उलट गोष्ट. नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला कडीचेच वेड लागले. त्याच्या आदल्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी नागपूरला गेलो होतो. तिथल्या लॉजमध्ये दाराला चांगली दणकट कडी होती. सासूबाईंनी ती लावली आणि आत पाय घसरून पडल्या. उठता येईना, हात कडीपर्यंत पोचेना. आम्ही बाहेरून हाका मारतो, त्या आतून कण्हतात. दार आत उघडणारे, आणि त्या दाराशीच पडलेल्या, म्हणजे जोराने ढकलायचीही सोय नाही. शेवटी लॉजच्या पोराने वरच्या झरोक्यातून हात घालून काठीने कडी सरकवली. अर्धा तास गेला असेल. हाड मोडले नाही ही देवाची कृपा. पण तेव्हापासून सासूबाई कुठेही कडी लावीत नाहीत, दार लोटून घेतात आणि मला म्हणतात, "तू बाहेर उभी राय, माय."

म्हणजे कडी नसली तर सुनेचे हाल, आणि असली तर सासूचे! मी आमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारले. ते दादा म्हणाले, न्हाणीघराच्या दारासाठी निराळे कुलूप मिळते. आतून खुंटी फिरवली की दार बंद. बाहेरच्या अंगाला किल्ली नाही, नुसती एक खाच. वेळ पडली तर त्या खाचेत रुपयाचे नाणे घालून फिरवायचे, की उघडते. इतके साधे असून मला कोणी सांगितले नव्हते. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लाकडी दार आपल्याकडच्या पावसात फुगते, मग बोल्टाची दांडी चौकटीतल्या भोकासमोर येतच नाही. कडी असून नसल्यासारखी. दिवाळीनंतर भोक जरा मोठे करून घ्या म्हणाले, पैशाचेही काम नाही. आणि दार बाहेर उघडणारे असले, तर आत पडलेल्या माणसाला काढता येते. वरचा झरोका मात्र कोणी कागद लावून बुजवू नये. गॅसचा गीझर आत असेल तर त्याचा विषारी वायू कोंडतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी जातो. गीझर न्हाणीच्या बाहेरच बसवावा.

फटीचा आणखी एक धोका आहे, तो मुली असलेल्या आयांनी ऐकून ठेवावा. आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. माझा भाऊ कोर्टात कारकून आहे, त्याने मला वाचून दाखवले. बाईला अशा खाजगी वेळी चोरून बघणे किंवा तिचा फोटो काढणे, यासाठी २०१३ साली कायद्यात खास कलम घातले गेले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम आहे. पहिल्या वेळेस कमीत कमी १ वर्ष आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, वर दंड. पुन्हा केले तर ३ ते ७ वर्षे. तेव्हा असे काही झाले तर मुलीला गप्प बस म्हणू नका. लाज करणाऱ्याला वाटावी, तिला का?

आता आम्ही बाहेर निघतो तेव्हा यांनी फोनवर खोली ठरवली, की फोन मी घेते. भाडे यांनी विचारायचे, कडी मी विचारायची. पहिल्या वेळी पलीकडचा माणूस गोंधळला, म्हणाला, "कसली कडी?" मी म्हटले, न्हाणीघराच्या दाराची, आतून लागते का, दार काचेचे आहे की लाकडाचे, फोटो पाठवा. त्याने पाठवला. खोलीत गेल्यावर सामान ठेवण्याआधी मी स्वतः आत जाऊन दार लावून बघते. पिशवीत एक काळी चादर, चार चिमटे आणि सुतळी असते. मागच्या खेपेला एका ठिकाणी बोल्टचे स्क्रू ढिले होते, मालकाला बोलावले, त्याने समोर उभे राहून घट्ट करून दिले. रागावला नाही. उलट म्हणाला, "बाई, इतकी वर्षं हे कोणी बोललंच नाही." हे त्याचे मला खरे वाटले. त्याला कळणार कसे? सून म्हणते नाही लागली, सासू म्हणते लोटून घेते, आणि आपण बिल देऊन परत येतो.

शेवटचे, आणि ते आपल्या घरचे. या सभागृहामागे आपले जे बाथरूम आहे, त्याच्या दाराला तीन वर्षांपासून सुतळी बांधलेली आहे. आत गेलेल्या बाईने एका हाताने ती धरून ठेवायची. आज सकाळपासून इथे चाळीस बाया आहेत आणि सकाळपासून मी पाहते आहे, पाण्याचा माठ अजून अर्धाही झालेला नाही. मी मघाशी सांगितले तसे नाण्याने उघडणारे कुलूप मागवले आहे, ते यायला आठवडा लागेल. तोवरसाठी ७० रुपयांचा बोल्ट आणला आहे, पेचकसही घरून आणला आहे. दार जड आहे, ते उचलून धरायला कोणीतरी एक जण लागेल. सूनबाई येते म्हणाली आहे. आणखी एक कोणी चहा झाल्यावर मागे या.