शालेय वर्ष आणि समाजाचे दान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा अन्य वक्त्यांनी घेतलाच आहे. येथे विचार करावयाचा आहे तो हायस्कूलमधील एका वर्गाच्या एका वर्षाचा. वर्ग नववीचा, शाळा तालुक्याच्या गावची. नववीच का, तर मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांना आधार देतो. सरकारी योजनेतील मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच मिळतात. मुलींचे शिक्षण महाराष्ट्रात बारावीपर्यंत मोफत असले, तरी पुस्तके, वह्या, गणवेश आणि इतर बारीकसारीक खर्चाचा भार नववीपासून घरावर येतो.

जूनच्या मध्यास शाळा उघडते. बाकावरील जागांचे तंटे आणि वर्गप्रतिनिधीची निवड यांत पहिला पंधरवडा सरतो. मग वृक्षारोपण, आषाढीची दिंडी, गुरुपौर्णिमा. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे यांची जयंती, त्यानिमित्त वक्तृत्व स्पर्धा. ज्याने चार माणसांपुढे कधी तोंड उघडले नाही, असा मुलगा लटपटत्या पायांनी उभा राहतो आणि तीन मिनिटे बोलून खाली बसतो. गुणपत्रिकेवर त्याची नोंद होत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत किंवा पेढीवर गिऱ्हाइकाशी बोलताना मात्र तीच तीन मिनिटे कामी येतात.

५ सप्टेंबरला शिक्षक दिन. त्या दिवशी नववीची मुलगी साडी नेसून पाचवीला गणित शिकवते आणि सायंकाळी घसा बसल्यावर तिला आपल्या बाईंची किंमत कळते. याच सुमारास भाद्रपदात दशलक्षण पर्व येते. उपवास किंवा एकाशन करणारी मुले शाळेत येतात, कवायतीच्या तासाला उन्हात उभी राहतात. पालकांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली तर कोणतेही गुरुजी सूट नाकारणार नाहीत. चिठ्ठी देण्याचे मात्र पालकांच्याच लक्षात राहत नाही. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांचे अर्ज, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांत पहिले सत्र संपते.

खरी धामधूम दिवाळीनंतरची. विज्ञान प्रदर्शन, क्रीडा महोत्सव, सहल आणि स्नेहसंमेलन एकामागोमाग येतात. रायगड वा प्रतापगड पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्याच्या पायऱ्या चढणे वेगळे. शैक्षणिक सहलीसाठी एस. टी. महामंडळ प्रवासभाड्यात निम्मी सवलत देते, तरीही जेवण, मुक्काम आणि प्रवेशशुल्क धरून वर्गणी बरीच होते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलांसाठी घरची आई दशम्या बांधून देते, तो प्रश्न सुटतो. वर्गणीचा प्रश्न दशम्यांनी सुटत नाही.

प्रत्येक वर्गात अशी एक तरी मुलगी असते, जिचे नाव सहलीच्या यादीत नसते. विचारले तर ‘आईला बरे नाही’ हे उत्तर ठरलेले. स्नेहसंमेलनाच्या समूहनृत्यात ती प्रारंभी असते. आठ दिवस मन लावून तालीम करते. पोशाखाचे पैसे आणण्याचा दिवस उजाडतो, तेव्हा तिचा पाय दुखू लागतो. बाईंना सारे समजते, पण वर्गात उघड बोलता येत नाही, आणि सोळा मुलींचे नृत्य पंधरा मुलींचे होते. फळ्याजवळ लावलेल्या यादीत कोणाच्या नावापुढे बरोबरची खूण नाही, हे साऱ्या वर्गाला दिसत असते.

आणि तो पोशाख तरी काय? साटीनचा घागरा, कडेला खोटी जर. साटीन शिवणीत उसवते, दोन धुण्यांत चमक जाते. एक रात्र दिव्यांच्या प्रकाशात मिरवून ते कापड ट्रंकेत पडते. शाळेच्या गणवेशावर सव्वादोन मीटरची रंगीत सुती ओढणी घेतली, तर रंगमंचावर शोभा कमी होत नाही आणि त्याच ओढण्या पुढील वर्षी दुसऱ्या वर्गाला देता येतात. शिक्षकांना हे पटते. कधी कधी पालकांनाच पटत नाही, ही खंत आहे.

या ठिकाणी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या या थोर पुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील दिले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने हायस्कूल उभे राहिले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तेथे मुलाने श्रम केले म्हणून त्याला कोणी गरीब म्हणून वेगळे काढले नाही, कारण श्रम ही तेथील रीतच होती. दान घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची एवढी काळजी क्वचितच कोणी घेतली असेल.

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. ट्रस्टच्या गुणगौरव समारंभात ज्ञानदान होते. उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा, याबद्दल दुमत नाही. परंतु तो सत्कार वर्ष संपल्यावर होतो आणि जो शेवटपर्यंत टिकला त्याचा होतो. डिसेंबरमध्ये पाय दुखू लागलेली मुलगी त्या व्यासपीठापर्यंत पोहोचतच नाही. यादीचे भय वाटणाऱ्या त्या मुलीला हवे आहे ते अभयदान.

म्हणून एक सूचना विश्वस्तांपुढे आहे. गावातील प्रत्येक हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे ट्रस्टने ठरावीक रक्कम ठेवावी. सहल, पोशाख, चित्रकलेच्या परीक्षेचे शुल्क, यांपैकी जेथे अडेल तेथे वर्गशिक्षकांनी ती गुपचूप भरावी. ट्रस्टने खर्चाचा हिशेब जरूर घ्यावा, मुलांची नावे मागू नयेत. मूल जैन आहे किंवा नाही, हेही विचारू नये. समाजाचा पैसा समाजाबाहेर जाईल, असा आक्षेप काही ज्येष्ठांनी घेतला आहे आणि तो प्रामाणिक आहे. परंतु त्या एका वर्गात जैन मुले आणि इतर मुले एकाच बाकावर बसतात. तेथे नाव विचारून मदत द्यावयाची, तर पुन्हा यादी करावी लागेल, आणि टाळावयाची आहे ती यादीच.

सहलीची वर्गणी दिवाळीची सुट्टी संपताच गोळा होऊ लागते. तेव्हा हा ठराव करावयाचा असेल तर तो येत्या बैठकीतच व्हावा आणि रक्कम सहामाही परीक्षेपूर्वी शाळांकडे पोहोचावी.