खड्ड्यातील पाण्याचा धनी कोण?

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील भूमिहीनांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले. जालना जिल्ह्यात ते तलाव, तशाच दगडाच्या खदाणी व मुरमाचे खड्डे, पावसाळ्यात भरतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने खनिजावर शासनाचा हक्क आहे. मुरूम उचलला की स्वामित्वधन आकारले जाते. पण मुरूम गेल्यावर साचणाऱ्या पाण्यातील मासा कोणाचा? ज्याच्या हाती ठेका, त्याचे जाळे, आणि पिढीजात भोई मात्र रोजंदार, ही रीत आपण मुकाट्याने का मानावी?

खाजगी शेततळ्यातील मासा शेतकऱ्याचा; त्याबद्दल वाद नाही. सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक खड्ड्याची नोंद मात्र ग्रामसभेने करावी, धोक्याच्या खदाणींना कुंपण घालावे आणि उरलेल्यांवर भोई व भूमिहीनांच्या सहकारी गटाला पहिला हक्क द्यावा. असे पाणी बहुधा काही महिनेच टिकते. म्हणून मत्स्यजिऱ्याऐवजी रोहू, कटला, मृगळ यांची वाढलेली बोटुकली सोडावी. म्हणजे पाणी आटण्यापूर्वी मासळी हाती येईल.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. ज्या हातांनी दुष्काळात माती उपसली, त्यांच्या मुलांना त्या पाण्यावर याचक म्हणून उभे राहावे लागू नये.