भाररेषा कोणी आखायची?

मुंबई बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या एखाद्या मालवाहू जहाजाकडे नीट पाहिले, तर त्याच्या बाजूवर, लांबीच्या साधारण मध्यावर, एक वर्तुळ आणि त्याला छेदून जाणारी एक आडवी रेघ दिसते. वर्तुळाचा व्यास तीनशे मिलिमीटर, रेघेची लांबी साडेचारशे. शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आणखी काही आखूड रेघा असतात. एक उन्हाळ्यासाठी, एक हिवाळ्यासाठी, एक उष्ण कटिबंधातील समुद्रासाठी, तर एक गोड्या पाण्यासाठी. कारण गोड्या पाण्याची घनता कमी असल्याने तेवढाच भार घेतलेले जहाज नदीच्या मुखात अधिक खोल बसते. माल भरता भरता पाणी त्या त्या ऋतूच्या रेघेला टेकले की भरणे थांबवायचे. या चिन्हाला भाररेषा म्हणतात. इंग्रज खलाशी तिला ‘प्लिमसॉल रेषा’ म्हणत आले आहेत.

समुद्रावरील सुरक्षिततेचा इतिहास सहसा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. दीपगृहे आली, जीवरक्षक नौका आल्या, बिनतारी संदेश आला, आणि माणूस सुरक्षित झाला, अशी ती कथा असते. भाररेषा या कथेत बसत नाही. तिच्यात शोधण्यासारखे काहीच नव्हते. जहाज अति भरले तर बुडते हे नावाड्याच्या पोरालाही ठाऊक असते, आणि रेघ ओढायला रंगाचा एक डबा पुरतो. तरीही जगातील सर्वांत मोठे व्यापारी आरमार बाळगणाऱ्या ब्रिटनला ती सक्तीची करण्यास १८७६ साल उजाडावे लागले, आणि ती प्रामाणिकपणे आखण्यास आणखी १४ वर्षे लागली. हा विलंब कशामुळे झाला, हा प्रश्न तंत्रज्ञाच्या कक्षेत येत नाही. तो अर्थशास्त्राचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जहाजमालकाचे गणित सोपे होते. जितका माल जास्त, तितके भाडे जास्त. जहाज जुने असले, त्याच्या फळ्या कुजल्या असल्या, तरी त्याचा विमा उतरवता येत असे, आणि विम्याच्या करारात जहाजाची जी किंमत ठरे ती सहसा अंतिम मानली जाई. मग प्रत्यक्ष बाजारात ते जहाज निम्म्या किमतीचे का असेना. विमा कंपन्या बारकाईने चौकशी करीत नसत, कारण एकेका जहाजाची जोखीम अनेक विमेदारांत थोडी थोडी विभागलेली असे, आणि आपल्या वाट्याच्या लहानशा रकमेसाठी मातब्बर मालकाशी न्यायालयात भांडणे कोणालाच परवडत नसे. म्हणजे जहाज पोचले तर मालकाचा फायदा, बुडाले तर निदान तोटा नाही, आणि विमा चढवून उतरविला असेल तर बुडण्यातही फायदाच. मालाचाही विमा असे. या सगळ्या व्यवहारात विमा नसलेली एकच वस्तू जहाजावर असे, ती म्हणजे खलाशी. १८५४ पर्यंत तर असा नियम होता की जहाजाने भाडे कमावले नाही, तर खलाशाच्या वेतनाचा हक्कही बुडाला. त्या वर्षीच्या कायद्याने हा नियम काढला. तरी जहाज फुटले त्या दिवशी नोकरी संपली आणि वेतनही थांबले, ही तरतूद राहिलीच.

अशा जहाजांना लोक ‘शवपेट्या’ म्हणत. खलाशी अडाणी नव्हते. धक्क्यावर उभे राहून जहाज किती खोल बसले आहे हे ते पाहत. परंतु एकदा नोकरीच्या करारावर सही किंवा अंगठा केला की माघार घेणे हा फौजदारी गुन्हा होता. जहाज पाहून चढण्यास नकार देणाऱ्या शेकडो माणसांना त्या काळी कित्येक आठवड्यांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. करारस्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या त्या शतकात कराराचा एक पक्ष तो मोडल्यास फार तर नुकसानभरपाई देई आणि दुसरा पक्ष कोठडीत जाई, याचे तेव्हाच्या अर्थपंडितांना विशेष वाटलेले दिसत नाही.

१८६६ च्या जानेवारीत ‘लंडन’ नावाचे आगबोटीचे जहाज बिस्केच्या उपसागरात सुमारे २२० माणसांसह बुडाले. लोखंड व कोळसा यांनी ते जड झाले होते. भाररेषा कायद्याने सक्तीची करावी ही मागणी न्यूकॅसलकडचे एक जहाजमालक जेम्स हॉल यांनी त्याच दशकात लावून धरली होती. मालकवर्गातील एका शहाण्या माणसाची ही सूचना होती, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. नाहीतर आपल्या इतिहासात सगळे मालक एकाच साच्याचे होऊन बसतात. सॅम्युएल प्लिमसॉल यांनी ती त्यांच्याकडूनच उचलली.

प्लिमसॉल हे समाजवादी नव्हते. १८२४ मध्ये ब्रिस्टलला जन्मलेला हा गृहस्थ कोळशाचा व्यापारी, आणि १८६८ पासून डर्बीचा लिबरल खासदार. १८७३ मध्ये त्यांनी ‘अवर सीमेन’ हे पुस्तक काढले. त्यात चुका होत्या, अतिशयोक्ती होती, काही मालकांनी अब्रुनुकसानीचे दावेही लावले. परंतु पुस्तकाने देश हलला. रॉयल कमिशन नेमले गेले, आणि १८७४ मध्ये त्या कमिशनने भाररेषेच्या सक्तीविरुद्ध कौल दिला. प्रत्येक जहाज निराळे, तेव्हा एकच नियम सर्वांना लावता येणार नाही. शिवाय सरकारने रेषा आखली तर जबाबदारी मालकावरून सरकारवर येईल, असा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा. कारखाना कायद्यापासून खाणींच्या तपासणीपर्यंत तो प्रत्येक वेळी शब्दशः पुढे आलेला आहे. त्याच्या जोडीला दुसराही नेहमीचा मुद्दा होताच: आम्ही कमी माल भरला तर परकी जहाजे आमचा धंदा नेतील.

२२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजवाहतुकीचे विधेयक त्या अधिवेशनापुरते मागे घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा प्लिमसॉल सभागृहात उभे राहिले, एका खासदाराच्या बुडालेल्या जहाजांविषयी प्रश्न विचारण्याची धमकी त्यांनी दिली, माणसांना मरणाच्या दारी धाडणाऱ्यांना ‘नराधम’ म्हटले आणि मूठ उगारून ते बाहेर पडले. आठवड्याने परत येऊन त्यांनी भाषेबद्दल माफी मागितली. मधल्या आठवड्यात बंदरांच्या गावांतून सभा भरल्या, वृत्तपत्रे पेटली, आणि जो कायदा करण्यास सरकारजवळ वेळ नव्हता तो ऑगस्टमध्ये तात्पुरत्या स्वरूपात मंजूर झाला. संसदीय मर्यादेचे भान सुटलेल्या एका माणसाने संसदेकडून काम करवून घेतले. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, कायमचा कायदा झाला.

पण त्यातली मेख पाहा. प्रत्येक जहाजावर भाररेषा असलीच पाहिजे, असे कायद्याने म्हटले. ती कोठे असावी हे मात्र मालकावर सोडले! कार्डिफच्या एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगविली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढणे अवघडच होते. रेषेची जागा सरकारने निश्चित करावी ही तरतूद १८९० मध्ये आली. परकी जहाजांनाही ब्रिटिश बंदरांत तोच नियम लावण्याचे काम १९०६ मध्ये झाले, आणि परकी स्पर्धेचा मुद्दा तेव्हा आपोआप निकालात निघाला. बहुराष्ट्रीय करार झाला १९३० मध्ये. प्लिमसॉल १८९८ मध्येच वारले होते. मरणापूर्वी काही काळ ते खलाशांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते.

१८९० नंतरच्या त्या जुन्या रेघांमध्ये एका रेघेचे नाव होते ‘हिंदी उन्हाळा’. सुएझपासून सिंगापूरपर्यंतच्या समुद्रात, पाऊसवारे नसलेल्या दिवसांत, जहाज जरा अधिक भरण्याची मुभा ती देत असे. हा समुद्र शांत असतो तेव्हा खरोखरच शांत असतो, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या तिच्यात गैर काही नव्हते. मात्र ज्या माणसांच्या बळावर त्या समुद्रातील जहाजे चालत, त्यांच्यासाठी कायद्याने आखलेली रेघ वेगळीच होती. रत्नागिरीकडचे सारंग व डेकवरचे खलाशी, बॉयलरपुढे राबणारे पंजाबी आगवाले, सिल्हेटचे लोक, मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांत उतरणारे गोव्याचे स्टुअर्ड, या सगळ्यांना मिळून ‘लास्कर’ हे एकच नाव होते. १९०६ च्या ज्या कायद्याने ब्रिटिश खलाशाच्या निवासासाठी माणशी १२० घनफूट जागा ठरविली, त्याच कायद्याने लास्करांना त्या मोजमापाबाहेर ठेवले. वेतन गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके. १९३९ च्या शरद ऋतूत युद्ध सुरू होताच, पाणबुड्यांच्या समुद्रात जायचे तर वेतन वाढवा म्हणून ब्रिटनच्या व साम्राज्याच्या अनेक बंदरांत या लोकांनी संप केला. त्यांतील पुष्कळांना तुरुंगात जावे लागले. प्लिमसॉलपूर्व काळातील इंग्रज खलाशाचे नशीब साठ-सत्तर वर्षांनी आपल्या माणसांच्या वाट्याला आले. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मृत्युमुखी पडले.

‘टायटॅनिक’ची कथा सर्वश्रुत असल्याने तिच्यात थांबण्याचे कारण नाही. एवढेच सांगावे की १९१२ मध्येही ब्रिटिश नियम दहा हजार टनांवरच्या सर्व जहाजांना सोळा जीवरक्षक नौका पुरेशा मानीत असे. टायटॅनिक ४६ हजार टनांचे होते. त्यावर वीस नौका होत्या, म्हणजे नियमापेक्षा चार अधिक. आणि सुमारे २,२०० माणसांना जागा ११७८. जहाज संपूर्ण कायदेशीर होते. त्यानंतर १९१४ च्या जानेवारीत लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि काही महिन्यांत सुरू झालेल्या महायुद्धाने तो अंमलात येऊ दिला नाही.

युद्ध आले की सुरक्षिततेचे नियम सर्वांत आधी बाजूला ठेवले जातात. याचे उदाहरण शोधण्यासाठी अटलांटिकपर्यंत जावे लागत नाही. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि त्याबरोबर कराचीला चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. कापूस व स्फोटके एका जहाजात ठेवू नयेत हे बंदरातील मुकादमही सांगू शकला असता. स्फोटके शांततेच्या काळातील शिरस्त्याप्रमाणे गोदीबाहेर, पडावांत उतरवायची. युद्धाच्या घाईत तो शिरस्ता शिथिल झाला होता. धोक्याच्या मालाचे तांबडे निशाण जहाजावर नव्हते. जहाज दोन दिवस गोदीत उभे राहिले, पण स्फोटके तातडीने उतरविली गेली नाहीत. १४ तारखेला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर धूर दिसला. अधिकाऱ्यांत एकमत होईना, अग्निशमन दलाला पुरती सूचना उशिरा मिळाली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. गोदीतील घड्याळ चार वाजून सहा मिनिटांवर थांबले.

चौकशी झाली. कापूस दारूगोळ्याखाली ठेवणे, निशाण न लावणे, उतरविण्यातील दिरंगाई, आग विझविण्याची चुकीची पद्धत, या सर्वांवर तिने बोट ठेवले. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. निशाण म्हणजे हातभर तांबडे कापड. भाररेषेप्रमाणे तेही जवळजवळ फुकट. ते लावले असते तर जहाजाला रांगेबाहेर ठेवावे लागले असते, माल उतरायला वेळ लागला असता, आणि त्या वेळेची किंमत कोणाच्या तरी हिशेबात दिसली असती. ते न लावल्याची किंमत मांडवी आणि मशीद बंदरच्या वस्तीने दिली.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांची नावे माहीत आहेत आणि १४ एप्रिल हा दिवस देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. एकूण मृतांचे आकडे मात्र सातशे-आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. गोदीतील बहुसंख्य कामगार तेव्हा टोळीवाल्यांमार्फत रोजंदारीवर घेतले जात. सकाळी फाटकाशी उभे राहायचे, बोट दाखविले तो आत. त्या दुपारी फाटकाच्या आत नेमके किती जण होते, हे सांगू शकेल असा कागदच नव्हता. गोदी कामगारांची नावनोंदणी करण्याचा कायदा झाला १९४८ मध्ये. जहाजावरील मालाची यादी मात्र पहिल्या दिवसापासून पक्की होती. तिच्यात सोन्याच्या विटाही होत्या, आणि पुढे कित्येक वर्षे गोदीतील गाळ उपसताना एखादी वीट सापडली की ती त्या यादीशी ताडून पाहता येत असे.