शपथेविना खरे



साल १६६४. इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या न्यायालयात जॉर्ज फॉक्स आणि मार्गारेट फेल हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी उभे होते. राजनिष्ठेची शपथ घ्या, असे फर्मान सुटले. फॉक्सच्या हाती बायबल देण्यात आले. ज्या ग्रंथावर हात ठेवायचा, त्याच ग्रंथात ‘शपथ मुळीच वाहू नका’ अशी येशूची आज्ञा आहे, हे त्याने भर न्यायालयात दाखवून दिले. राजाशी त्यांचे वैर नव्हते. माणसाने सदैव खरेच बोलावे, शपथ घातली की मग बाकीच्या वेळी खोट्याला मोकळीक मिळते, एवढेच त्यांचे म्हणणे. माझ्या मते हा युक्तिवाद आजही बिनतोड आहे. पण मार्गारेटला जन्मठेप आणि मालमत्तेच्या जप्तीची शिक्षा झाली. चार वर्षांनी, १६६८ मध्ये ती सुटली.

शपथ नाही म्हणजे साक्षही नाही. त्यामुळे चोरी, फसवणूक झाली तरी क्वेकरांना दाद मागणे कठीण होई. १६९६ च्या कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेची, म्हणजे शपथ न घेता खरे बोलण्याची गंभीर ग्वाही देण्याची सोय झाली, पण तिच्या शब्दांत देवाला साक्षी ठेवलेले होते! ते शब्द १७२२ मध्ये गेले. फौजदारी खटल्यात प्रतिज्ञेवर साक्ष द्यायला मात्र १८२८ साल उजाडावे लागले. पुढे १८३३ मध्ये जोसेफ पीझ हे क्वेकर सदस्य शपथेऐवजी प्रतिज्ञा करून संसदेत बसले.

आपल्याकडे १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही मंत्र्यांना, खासदारांना हे दोन्ही पर्याय आहेत.